साखरेवरचे घरचोळे

कापड पारखण्याची माझी सवय बँकेने लावली. १९८४ साली मी भिवंडीच्या शाखेत रुजू झालो, तेव्हा कर्जखात्यांचा तारण माल तपासण्यासाठी महिन्यातून एकदा गोदामांतून फिरावे लागे. ग्रे कापडाचे तागे छतापर्यंत रचलेले असत. तागा उलगडायचा, दोन बोटांत पोत चाचपायचा, इंचभर चौकटीच्या भिंगाखाली उभे-आडवे धागे मोजायचे आणि मगच नोंदवहीत सही करायची. निवृत्तीला काही वर्षे झाली, तरी कापड दिसले की बोटे आपोआप पुढे होतात.

गेल्या वैशाखात ती अशीच पुढे झाली. गोकुळनगरातील एका जुन्या खातेदारांच्या घरी गेलो होतो. टेबलावर लालभडक वस्त्र उभे गुंडाळून ठेवलेले दिसले. सोनेरी जरीचे चौकोन, प्रत्येक चौकोनात बांधणीचे ठिपके, वरून खाली ओघळलेला पदर. पोत पाहण्यासाठी मी हात पुढे केला, तोच आतून सूनबाईंचा आवाज आला, “काका, हात लावू नका! साखर आहे ती.”

वाचकहो, ‘जमा-नावे’ या आपल्या सदरात आजवर व्याज, विमा, वारसपत्र असे रुक्ष विषय आले. आज विषय केकचा आहे. तरीही शेवटी हिशेबापाशीच यायचे आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

ते शेठजी एके काळी चाळीस मागांचे मालक. पाच वर्षांपूर्वी त्यांनी शेवटचे माग भंगारात काढले. जागा आता भाड्याने दिली आहे. मुलगा मानकोलीच्या एका गोदामात नोकरीला आहे. सूनबाई बी.कॉम. झालेल्या. नातवंडांच्या वाढदिवसापासून सुरुवात करून त्या आता बाहेरच्या लोकांचे केक करून देतात. केकच्या अंगावर कापडाचे भास उमटवणे ही त्यांची खासियत. घरात मात्र या उद्योगाला एकच शब्द होता, ‘शौक’. शेठजींनी मला बोलावले होते तेही त्यासाठीच. सूनबाईंना मोठी भट्टी आणि कामाच्या खोलीसाठी वातानुकूलन यंत्र घ्यायचे होते, आणि त्यासाठी कर्ज काढण्याची त्यांची तयारी होती. “साहेब, तुम्हीच समजवा. शौकासाठी कोणी कर्ज काढते काय?” असे शेठजी म्हणाले.

समजावण्यापूर्वी समजून घ्यावे, या हेतूने मी दोन-तीन दिवस त्या घरी जात राहिलो. जे पाहिले ते आधी सांगतो.

केकवरचे हे वस्त्र ज्यापासून होते त्याला फॉन्डंट म्हणतात. पिठीसाखर, ग्लुकोजचा पाक, ग्लिसरीन, थोडी वनस्पती-चरबी आणि बांधून धरणारा एखादा डिंक यांचा हा मळलेला गोळा असतो. तो पोळीसारखा लाटता येतो आणि वाळला की आकार धरून राहतो. पोळी साधारण तीन ते चार मिलिमीटर जाडीची. खाली फेटलेली मलई चालत नाही, कारण तिच्यातील पाण्याने साखर विरघळू लागते. म्हणून आधी चॉकलेट आणि सायीच्या घट्ट मिश्रणाचा, म्हणजे गनाशचा, लेप देऊन तो भिंतीसारखा सपाट करावा लागतो. खालची भिंत जेवढी सरळ, तेवढे वरचे वस्त्र सरळ. सायझिंगमध्ये ताण्याला खळ नीट बसली नाही तर मागावर धागे तुटतात. येथेही पाया कच्चा असेल तर वरची नक्षी फसतेच.

या पोळीवर कापड उमटवण्याच्या रीती अनेक. रजईचा भास हवा असेल तर पट्टी धरून तिरप्या रेघांची जाळी दाबायची आणि शिंप्याच्या खुणा करण्याच्या चक्रीसारखी दातेरी चक्री त्या रेघांवरून फिरवायची. टाके घातल्यासारखे दिसतात. जेथे रेघा मिळतात तेथे साखरेचा एकेक मोती. सुती वा तागाचा खडबडीत पोत हवा असेल तर कोरीव लाटणे किंवा ठसा उमटवणारी रबरी चटई वापरतात. लेससाठी सिलिकॉनच्या साच्यात पातळ मिश्रण पसरून वाळवतात आणि जाळी अलगद सोडवून घेतात. भरतकामाची रीत मला सर्वांत आवडली. साखरेच्या घट्ट लेपाने पाकळीची कड काढायची आणि ती ओली असतानाच किंचित भिजवलेल्या चपट्या कुंचल्याने आतल्या बाजूला ओढायची. कुंचल्याच्या केसांच्या रेषा रेशमी टाक्यांसारख्या दिसतात. निऱ्यांसाठी तर आपल्या घरातल्याच गोष्टी लागतात. ओट्यावर बारीक काड्या समांतर मांडायच्या, त्यांवर दोन मिलिमीटर जाडीची पोळी पसरायची, काड्यांच्या मधल्या खाचा बोटाने दाबायच्या, काड्या काढून घ्यायच्या आणि दोन्ही टोके चिमटीत गोळा करायची. साडी नेसणाऱ्या कोणत्याही बाईला हे शिकवावे लागत नाही. मात्र पोळीने आकार धरावा म्हणून अर्धा किलो फॉन्डंटमध्ये सुमारे एक लहान चमचा सीएमसी नावाची पूड आदल्या दिवशी मळून ठेवावी लागते.

हे सारे ऐकताना ‘यात एवढे काय’ असे वाटते. आपल्या घरात ते करायचे म्हटले की अडचणी एकेक करून पुढे येतात. त्या अडचणी आपल्या आहेत, म्हणून थोड्या विस्ताराने सांगतो.

पहिली अडचण बांधून धरणाऱ्या पदार्थाची. बाजारातील अनेक फॉन्डंटमध्ये जिलेटिन असते, आणि ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढतात. ग्लिसरीनही प्राणिज किंवा वनस्पतिजन्य, दोन्ही प्रकारचे मिळते. सूनबाई डिंक आणि सीएमसी घातलेले शाकाहारी फॉन्डंटच वापरतात. वेष्टनावर हिरवा ठिपका पाहिला की आपण निश्चिंत होतो. पण तो ठिपका कायद्याची व्याख्या सांगतो, आपल्या घरची नव्हे. मध आणि लाख यांना कायदा मांसाहारी पदार्थांतून वगळतो. बीट तर भाजीच. म्हणून त्या घरात ठिपक्यानंतर घटकांची यादी वाचली जाते, बारीक अक्षरांसाठी भिंग घेऊन. धागे मोजण्याचे शेठजींचे ते जुने भिंग या कामासाठी पुन्हा बाहेर आलेले मी पाहिले.

दुसरी अडचण अंड्याची. केक दही किंवा आटवलेल्या दुधावर निभावतो. खरा प्रश्न ठिपके, टाके आणि जाळी काढण्याच्या रॉयल आयसिंगचा, कारण परंपरेने ते अंड्याच्या पांढऱ्या बलकात साखर फेटून करतात. या बाबतीत पुण्याच्या प्राची धबल देब यांचे नाव आवर्जून घेतले पाहिजे. ब्रिटिश राजघराण्यासाठी काम केलेले एडी स्पेन्स यांच्याकडे त्यांनी ही कला शिकून घेतली आणि मायदेशी परतून एका भारतीय कंपनीच्या साहाय्याने अंड्याविना होणारे रॉयल आयसिंग सिद्ध केले. २०२२ मध्ये त्यांनी साखरेच्या याच लेपातून उभारलेली, सुमारे शंभर किलो वजनाची मिलान कॅथेड्रलची प्रतिकृती लंडनच्या वर्ल्ड बुक ऑफ रेकॉर्ड्समध्ये नोंदली गेली. अंड्यावाचून हे काम होत नाही असे ज्या कलेबद्दल मानत, ती कला पुण्याच्या एका स्त्रीने शाकाहारी करून दाखवली. आज आपल्या घराघरांतील मुली जे तयार पीठ आणून केवळ पाण्यात कालवतात, त्यामागे अशी खटपट आहे.

तिसरी अडचण लाल रंगाची, आणि आपली खरी कथा येथून सुरू होते.

मी पाहिलेला तो केक एका परिचित कुटुंबाच्या सुवर्णमहोत्सवी विवाहदिनासाठी होता. त्यांच्या आजींनी पन्नास वर्षांपूर्वीचे आपले घरचोळे नमुना म्हणून पाठवले होते. गुजराती घरांतील वाचकांना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. घरचोळे म्हणजे वधूने लग्नात नेसायचे लाल वस्त्र. त्यावर जरीच्या रेघांनी चौकोन पाडलेले असतात आणि चौकोनांत बांधणीचे हत्ती, बाहुल्या, फुले असतात. बारा चौकोनांच्या मांडणीला ‘बार बाग’ म्हणतात आणि बावन्न चौकोनांच्या मांडणीला ‘बावन बाग’. आजींचे घरचोळे बावन बागेचे होते, आणि केकवरही बावन्नच चौकोन हवेत हा त्यांचा एकमेव आग्रह होता.

लाल रंग कशाचा घ्यायचा? परदेशी बनावटीच्या काही लाल रंगांत १२० क्रमांकाचे कार्माइन असते, ते किड्यांपासून काढतात. नैसर्गिक म्हणून गौरवला जाणारा १६२ क्रमांकाचा रंग बिटाचा, म्हणजे कंदमुळाचा. राहिले कृत्रिम रंग. त्यांना किलोमागे १०० मिलिग्रॅमची कायदेशीर मर्यादा आहे आणि जास्त झाले तर चव कडवट होते. सूनबाईंनी तोड काढली. गोळ्यात थोडा कोको मिसळून आधी त्याची तळछटा गडद केली, मग मर्यादेतच लाल रंग मळला आणि गोळा झाकून दिवसभर तसाच ठेवला. मुरल्यावर लाल आपोआप गडद होतो. रंगाऱ्याने घाई केली की कापड डागाळते, हे शेठजींचे वाक्य येथेही लागू पडले.

सोनेरी रेघांची अडचण वेगळी. खाण्याजोगी सोनेरी पूड बहुतेक कारागीर मद्यार्कात कालवून रंगवतात, कारण तो चटकन उडून जातो. या घरात ते शक्य नव्हते. म्हणून पट्ट्यांवर वनस्पती-चरबीचा पुसटसा हात फिरवून कोरडी पूडच कुंचल्याने बसवली. येथे एक सूचना करून ठेवतो. डबीवर केवळ ‘विषारी नाही’ असे लिहिलेले असणे आणि ‘खाण्यास योग्य’ असे लिहिलेले असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्या प्रकारची पूड शोभेची असते, ती पोटात जाऊ देऊ नये.

आता बावन्न चौकोन. तेरा उभे रकाने आणि चार आडव्या ओळी, तेरा चोक बावन्न. सूनबाईंनी आठ इंच व्यासाचा उंच केक योजला. आठ इंचांचा घेर पंचवीस इंच. पंचवीसला तेराने भागले की एक रकाना एक पूर्णांक ब्याण्णव शतांश इंचाचा. चार ओळींना उंची पावणेआठ इंच. हिशेब अचूक. सरावासाठी त्यांनी थर्माकोलच्या गोल ठोकळ्यावर पोळी चढवून रेघा मारल्या. बारा रकाने नेमके आले आणि तेरावा दीडपट निघाला. पुन्हा मोजले, पुन्हा तेच. त्या रात्री त्या रडल्या, असे शेठाणींनी मला नंतर सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठजी चहाचा कप घेऊन त्या टेबलापाशी आले. सुनेच्या कामाकडे त्यांनी प्रथमच लक्षपूर्वक पाहिले असावे. त्यांनी घेराभोवती टेप फिरवली आणि म्हणाले, “बेटा, तू कोऱ्या ठोकळ्याचे माप घेतलेस. कापड चढल्यावरचे माप कुठे घेतलेस?” खरेच होते ते. पोळी चार मिलिमीटर जाड, म्हणजे दोन्ही बाजू धरून व्यास आठ मिलिमीटरने वाढतो आणि घेर जवळजवळ एक इंचाने. तो एक इंच शेवटच्या रकान्यावर येऊन पडला होता. खऱ्या केकवर गनाशचा थर धरला तर घेर सत्तावीस इंचांवर जाणार होता. “बीमवर कापड चढत जाते तसा घेर वाढत जातो. मागावर बसणाऱ्या पोरालाही हे ठाऊक असते,” असे ते पुटपुटले, पण त्या स्वरात राग नव्हता.

मग त्यांनी जे केले ते मी बँकेतल्या चाळीस वर्षांत पाहिले नव्हते. जुन्या दिनदर्शिकेची पाने मागच्या बाजूने जोडली, त्यावर दोन-दोन इंचांच्या अंतराने चौदा समांतर रेघा ओढल्या. घेराएवढी कागदी पट्टी कापली आणि ती त्या रेघांवर तिरपी ठेवली. पट्टीचे एक टोक पहिल्या रेघेवर, दुसरे चौदाव्या रेघेवर. मधल्या रेघा जेथे पट्टीला छेदतील तेथे खुणा केल्या. तेरा अगदी सारखे भाग! भागाकार नाही, दशांश नाही. घेर बदलला तर पट्टी थोडी अधिक-उणी तिरपी करायची. नक्षीदार कापडाचा आराखडा काढणाऱ्या एका जुन्या कारागिराकडून ते हे शिकले होते.

उंच केकवर वरून पोळी पसरली तर तिच्या भारानेच ती कडेला फाटते. म्हणून बाजूंना पट्टा गुंडाळायचा आणि माथ्यावर वेगळी चकती ठेवायची, असे ठरले. पट्टा जेथे जुळणार तेथे सांधा दिसणारच. “सांधा जरीच्या रेघेखाली घ्या,” शेठजी म्हणाले, आणि तो तसाच झाकला गेला. पुढचे दोन दिवस सासरे आणि सून एकाच टेबलाशी होते. बावन्न चौकोन, प्रत्येकात चाळीस ठिपके, म्हणजे दोन हजार ऐंशी ठिपके. ते मात्र सूनबाईंनी एकटीने काढले.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी वीज गेली, ती तीन तास आली नाही. वैशाखातील भिवंडीची दमट हवा आपण जाणतोच. साखर हवेतले पाणी ओढून घेते, त्यामुळे केकवर दवासारखे थेंब जमू लागले. अशा वेळी पुसायला जाणे म्हणजे नक्षी पुसणे. शेठाणींनी खिडक्यांना ओढण्या लावल्या, शेठजींनी शेजारच्या दुकानातून इन्व्हर्टरवरचा पंखा आणला, आणि सर्वजण हात बांधून बसून राहिले. वीज आल्यावर तासाभरात पृष्ठभाग कोरडा झाला. दोन चौकोनांतील सोनेरी कडा किंचित पसरल्या होत्या, त्या भिंतीच्या बाजूला वळवण्यात आल्या. यजमानांकडे चौविहार पाळला जातो, म्हणून केक पाच वाजता पोहोचायलाच हवा होता. पोहोचला. आजींनी तो कापण्याआधी चौकोन मोजले म्हणतात.

आता नावे बाजू पाहू.

केक पाच किलोचा होता. दर किलोला बाराशे रुपये, म्हणून सहा हजार. ही रक्कम ठरवताना यजमानांनी, जे स्वतः कापडाचे जुने व्यापारी आहेत, ‘घरचेच तर काम आहे’ म्हणून हजार रुपये कमी करण्याची विनंती केली होती. सूनबाई संकोचाने तयारही झाल्या होत्या. मी वही मागितली. वही नव्हती. म्हणून आम्ही तिघे बसलो आणि आठवून लिहिले. साहित्य तीन हजार नऊशे रुपये. वेळ असा: भाजणे आणि लेप देणे पाच तास, रंग मळणे आणि पोळी चढवणे तीन, चौकोन आणि जरी सहा, ठिपके पाच, पदर तीन, सरावाचा ठोकळा चार, पोहोचवणे एक. एकूण सत्तावीस तास. सहा हजारांतून साहित्य वजा जाता उरले एकवीसशे. तासाला सत्त्याहत्तर रुपये अठ्ठ्याहत्तर पैसे. त्यातून वीज आणि भट्टीची झीज अजून वजा व्हायचीच होती. मागितलेले हजार रुपये सोडले असते तर तासाला चाळीस रुपये राहिले असते.

शेठजी बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत होते. मग म्हणाले, “साहेब, माझ्याकडे कांडी भरणाऱ्या बाईलाही मी असा दर सांगितला नसता.”

वाचकहो, माझे म्हणणे एवढेच आहे. आपण कापडाचे व्यापारी. ग्रे कापड आणि नक्षीचे कापड एका भावाने विकणाऱ्याला आपण वेड्यात काढू. कापड वजनावर कोणी विकत नाही. डिझाइनचा भाव वेगळा, मजुरीचा वेगळा, हे आपल्याला पाळण्यात शिकवलेले असते. मग घरातील सून तेच डिझाइन साखरेवर उमटवते तेव्हा आपण तिला किलोचा भाव का विचारतो? साधा पांढरा केक आणि दोन हजार ऐंशी ठिपक्यांचे घरचोळे एकाच काट्यावर का तोलतो? कारण काम घरात होते, हिशेब लिहिला जात नाही, आणि जे लिहिले जात नाही ते आपल्या लेखी घडलेलेच नसते.

यात माझाही वाटा आहे, तो मी लपवत नाही. १९९४ च्या सुमारास एक विधवा भगिनी माझ्या टेबलाशी आल्या होत्या. साड्यांवर टिकल्या लावण्याचे आणि भरतकामाचे काम त्या घरी करीत. शिलाई यंत्रासाठी पंधरा हजार रुपये हवे होते. काम उत्तम होते, त्यांनी नमुना आणून दाखवला होता. मी अर्जावर ‘उत्पन्नाचा पुरावा नाही’ असा शेरा लिहिला. शेरा नियमाला धरून होता. पण पुरावा कसा तयार करायचा, वही कशी ठेवायची, हे सांगायला मला दहा मिनिटे लागली असती. ती दहा मिनिटे मी दिली नाहीत. त्या पुन्हा आल्या नाहीत. त्या कोपऱ्यातील खुर्चीवर ठेवलेला त्यांचा तो टिकल्यांचा पदर मला अजून आठवतो.

ती दहा मिनिटे आज देतो. घरून केक, फरसाण, मुखवास, काहीही करणाऱ्या भगिनींनी एक वही घालावी. प्रत्येक ऑर्डरचे एक पान, त्यावर साहित्य, तास, वीज आणि मिळालेली रक्कम. दर दोन भागांत सांगावा: केकचा किलोवर, सजावटीचा तासांवर. पैसे पतीच्या किंवा सासऱ्यांच्या खात्यात न जाता स्वतःच्या नावाच्या खात्यात यावेत. अन्नपदार्थ विकण्यासाठी एफएसएसएआयची नोंदणी आवश्यक आहे. मी चौकशी केली तेव्हा वार्षिक उलाढाल १२ लाखांपर्यंत असणाऱ्यांना साधी नोंदणी पुरत होती आणि तिचे शुल्क वर्षाला १०० रुपये होते. ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात ५० हजारांपर्यंत आणि ‘किशोर’ गटात ५ लाखांपर्यंत कर्ज मिळते. वर्षभराची वही आणि खात्याचा उतारा हातात असेल तर बँकेतल्या माझ्यासारख्या माणसाला ‘पुरावा नाही’ असे लिहिता येत नाही.

सूनबाईंना मी कर्ज काढू नका असे सांगितले नाही. सहा महिने वही लिहा आणि मग काढा, असे सांगितले. शेठजींनी त्यावर मान हलवली. नव्या दराने दिलेल्या पहिल्याच अंदाजाला समोरच्याने नकार दिला आणि ती ऑर्डर गेली. सूनबाईंनी फोन करून विचारले, “काका, दर पुन्हा उतरवू का?” मी म्हटले, “बेटा, वहीत ते पानही लिहून ठेव. आलेले गिऱ्हाईक जसे जमेत, तसे गेलेलेही हिशेबात हवे.” दिवाळीपर्यंत वहीत एकवीस पाने झाली. त्यांतील सात नकारांची आहेत. भट्टी अजून आलेली नाही, पण अर्ज भरला आहे, आणि जामीनदार म्हणून सही शेठजींची आहे.

पाटणच्या पटोळ्याची कथा आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी ऐकली असेल. राजा कुमारपाळ पूजेसाठी कोरे पटोळे नेसत, आणि ते निर्मळ मिळावे म्हणून त्यांनी आपल्या या महाराष्ट्रातील जालन्याहून सातशे साळवी कुटुंबे पाटणला नेऊन वसवली, अशी परंपरा आहे. राजाला वस्त्र हवे होते, तर त्याने आधी विणणाऱ्यांची सोय लावली. त्याच कुमारपाळांचे गुरू हेमचंद्राचार्य यांनी ‘योगशास्त्रा’त गृहस्थाचे पस्तीस गुण सांगितले आहेत. त्यांत पहिला गुण तप नाही, दानही नाही. पहिला गुण आहे न्यायाने मिळवलेले धन. न्याय दुकानात पाळायचा आणि स्वयंपाकघरात विसरायचा, अशी सवलत तेथे कोठे दिलेली मला आढळली नाही.

पुढच्या शुभकार्याला केक सांगाल तेव्हा वजन जरूर विचारा. त्यानंतर एक प्रश्न अधिक विचारा: “बेटा, याला तास किती लागतील?” उत्तर ऐकून मगच घासाघीस करायची की नाही ते ठरवा.

जय जिनेंद्र.